कर्जत आणि कल्याण यांच्या मध्ये

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या वाचकांना आज मला काही पुस्तकं सुचवायची आहेत. पुस्तकं विज्ञानकथांची आणि अद्भुतकथांची. सुरुवात करते ती आपल्याच रुळांवरून धावलेल्या एका कथेपासून.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही ती कथा. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नाही, ती नुसती चाटून गेली आणि मराठे जिंकले, असं झालं असतं तर पुढचा हिंदुस्थान कसा असता? इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर थेट त्या दुसऱ्या हिंदुस्थानात जाऊन पोचतात. तिथे ते पुण्याहून मुंबईला निघतात, जिजामाता एक्सप्रेसने. लोणावळा येतं, घाट उतरतो, कर्जतला गाडी जेमतेम थांबते आणि कल्याण धडधडत मागे टाकते. मुंबईत पाहावं तर तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल!

आता कर्जत आणि कल्याण यांच्या मध्ये कोण राहतं? आपण राहतो. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही नावं त्या प्रवासात येत नाहीत. पण मला ही कथा वाचताना दर वेळी एक प्रश्न पडतो. त्या हिंदुस्थानात उल्हासनगर असेल का? आपलं उल्हासनगर वसलं ते कल्याण कॅम्पवर. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. १९४७ ला फाळणी झाली, सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना त्या बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. इतिहासाचा सांधा पानिपतावरच बदलला असता तर फाळणी झाली असती का? ती झाली नसती, तर आज कॅम्पात राहणारं एखादं कुटुंब कुठे असतं? सक्करला? शिकारपूरला? नारळीकरांनी याचं उत्तर दिलेलं नाही. त्यांनी आपल्याला प्रश्न विचारायची रीत दिली.

चांगली विज्ञानकथा हेच काम करते. ती जगातली एकच गोष्ट बदलते आणि मग त्या बदलाचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत तपासते. असा तपास चालू झाला की तो वाचकाच्या उंबऱ्यापर्यंत येतोच. म्हणून कुणाला विज्ञानकथा सुचवताना मी त्याला कोणते लेखक आवडतात हे आधी विचारत नाही. सध्या तुझ्या डोक्यात कोणता प्रश्न घोळतोय, हे विचारते. पुस्तक त्यावरून ठरतं.

ज्याने आजवर एकही विज्ञानकथा वाचलेली नाही, त्याला 'यक्षांची देणगी' द्यावं. नारळीकरांचा हा कथासंग्रह १९७९ चा. त्याआधी, १९७४ मध्ये, मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळालं होतं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. ते नाव नारळीकरांनीच घेतलेलं होतं. आपल्या कीर्तीकडे न पाहता कथा कथा म्हणून वाचली जावी, एवढाच त्यामागचा हेतू. 'यक्षांची देणगी'तल्या कथा आपल्या लोकलच्या प्रवासाला अगदी बेताच्या लांबीच्या आहेत. बदलापूरला खिडकी मिळाली तर ठाणं येईपर्यंत एक कथा निवांत वाचून होते आणि पुढे मुंबई येईपर्यंत तिच्यावर विचार करायला वेळ उरतो. त्यातली 'धूमकेतू' आधी वाचा. आकाश न्याहाळण्याची हौस असलेल्या एका साध्या माणसाला नवा धूमकेतू सापडतो आणि तो धूमकेतू पृथ्वीच्याच रोखाने येतोय असं कळतं. शास्त्रज्ञ आपल्या मार्गाने उपाय करतात, घरात यज्ञाची तयारी होते. एकाच घरातल्या या दोन जगांकडे लेखक दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहतो.

आपल्या भागात फार जणांच्या घरात कारखाना आहे, म्हणजे घरातलं कुणीतरी एमआयडीसीत नोकरीला आहे. रसायनं, वायू, झडपा, पाळ्या हे आपल्याकडे जेवताना निघणारे विषय. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहत उल्हासनगरात येते आणि तिचं पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने कसं झालं आहे, ते आपण पुलावरून पाहतो. अशा घरासाठी सुबोध जावडेकर यांची 'आकांत' सुचवते. जावडेकर स्वतः केमिकल इंजिनिअर. डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेवरची ही कादंबरी. यात परग्रह नाही, यान नाही. पण विज्ञान माणसाच्या हातात असताना तो हात निष्काळजी झाला तर काय होतं, हे समजायला रसायनांच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकाने ती वाचायला हवी. ती आवडली की त्यांचा 'गुगली' हा कथासंग्रह घ्या.

हवामानाची चिंता वाटणाऱ्यांसाठी पुन्हा नारळीकर. मुंबईत बर्फ पडतो अशी त्यांची एक कथा आहे. हवेतल्या धुळीने सूर्याची उष्णता अडते आणि सगळा तोल ढळतो. ती लिहिली गेली तेव्हा ते फार दूरचं वाटलं असेल. पण २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीभोवती समुद्रासारखं पाणी आणि आत हजारावर प्रवासी. बोटी आणून सगळ्यांना सुखरूप बाहेर काढलं गेलं. रोजच्या रुळांवर बोटी चालताना पाहिलेल्या आपल्यासारख्या माणसांना ही कथा वाचताना फारसं काही अशक्य वाटणार नाही.

घरातल्या तरुण मुलांना सध्या एकच प्रश्न छळतोय. यंत्रं विचार करू लागली तर आमच्या नोकऱ्यांचं काय? त्यांच्या हातात 'वामन परत न आला' द्या. नारळीकरांचीच १९८६ ची कादंबरी. जमिनीखाली एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या ज्ञानावरून शास्त्रज्ञ एक बुद्धिमान यंत्रमानव घडवतात, त्याचं नाव वामन. त्या यंत्रमानवाला स्वतःसारखे आणखी घडवायचे आहेत. ती जुनी संस्कृती का संपली, याचं उत्तर तिथेच दडलेलं आहे. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर चाललेल्या चर्चेतला गाभ्याचा प्रश्न या छोट्या कादंबरीत चाळीस वर्षांपूर्वी मांडलेला आहे.

याच वाटेवर शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी' भेटेल. शुभदाताईंचं आणखी एक पुस्तक मला आपल्या लोकांना द्यावंसं वाटतं, 'खंडाळ्याच्या घाटासाठी'. ती विज्ञानकथा नाही. भोर घाटातली रेल्वे कशी बांधली गेली, त्याची ती कादंबरी आहे. १८६३ साली गाडी तो घाट चढून गेली. विज्ञान माणसांच्या घामाशिवाय उभं राहत नाही, हे त्यातून कळतं आणि मग विज्ञानकथा वाचण्याची दृष्टीही बदलते.

आता अद्भुतकथा. इथे शास्त्राचा आधार सुटतो, पण नियम सुटत नाहीत. कल्पनेतल्या जगालाही त्याचा कायदा असतो आणि तो पाळला गेला तरच आपण त्या जगावर विश्वास ठेवतो. मराठीत असं जग उभं करणारा सर्वांत मोठा लेखक म्हणून मी जी. ए. कुलकर्णी यांचं नाव घेईन. बेळगाव भागात वाढलेले आणि धारवाडला शिकवणारे जी. ए. 'रमलखुणा' या १९७५ च्या पुस्तकात 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांमधून आपल्याला अशा प्रदेशात नेतात, जो कोणत्याही नकाशावर नाही. तिथे माणूस नियतीसमोर उभा राहतो. हे पुस्तक गाडीत वाचू नका. सुट्टीच्या दिवशी, घर शांत असताना वाचा.

भीतीची ओढ असलेल्यांसाठी नारायण धारप आहेतच. २०१८ चा 'तुंबाड' ज्यांनी पाहिला, त्यांना सांगा की त्या चित्रपटामागे धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यांच्या 'समर्थ' कथा वाचा आणि विज्ञान व अद्भुत यांच्या सीमेवरचं 'गोग्रामचा चितार' जरूर मिळवा.

मुलांसाठी भा. रा. भागवत. फास्टर फेणे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', तोही मुलांना द्या. मूल हॅरी पॉटरवर थांबलं असेल तर मराठीत आलेलं टोल्किनचं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' पुढे ठेवा. मुग्धा कर्णिक यांनी तो डोंगर उचलला आहे.

यातली काही पुस्तकं दुकानात सहज मिळणार नाहीत. मग वाचनालयात जा. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभारलेलं 'ग्रंथसखा' जुन्या, दुर्मीळ मराठी पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी ओळखलं जातं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचं. तिथे 'नवल' आणि 'धनंजय' यांचे जुने दिवाळी अंक मागा. मराठी विज्ञानकथा आणि गूढकथा पुस्तकात येण्याआधी कितीतरी वर्षं दिवाळी अंकांतच वाढली.

आणि एक विनंती. आपल्या तीन गावांत मराठी, सिंधी, हिंदी घरं एकाच जिन्यावर आहेत. नारळीकरांच्या कथा इंग्रजीत आणि हिंदीतही आहेत. गंगाधरपंतांची कथा 'द अ‍ॅडव्हेंचर' या नावाने अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आली आहे. शेजारच्या सिंधी मित्राला ती वाचायला द्या आणि त्याला विचारा, इतिहास वेगळा घडला असता तर तुमचं घर कुठे असतं? त्याच्या आजोबांनी, पणजोबांनी जे सांगितलं असेल, ते तो तुम्हाला सांगेल. मे २०२५ मध्ये नारळीकर आपल्यातून गेले. त्यांची कथा अशी दोन घरांत वाचली जाणं आणि त्यावर दोन्ही घरांनी बोलणं, हीच त्यांना आपल्या गावांची आदरांजली ठरेल.

तेव्हा या आठवड्यात एक पुस्तक आणा आणि वाचून झालं की पुढच्या माणसाला त्याचा प्रश्न विचारून द्या.