पाणी मिठाच्या मागे जाते



आपल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो, हे शाळेत सगळ्यांनीच वाचले आहे. पण ते साधे पाणी नाही, खारे आहे. घाम चाखून पाहा. रक्तातले सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल एवढ्या अरुंद पट्ट्यातच राहावे लागते. ते वाढले की मेंदू तहान लावतो आणि मूत्रपिंडांना निरोप धाडतो, पाणी जपून सोडा. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सारा परत घेतात. इतका हिशेबी कारभारी आपल्या कुठल्या नगरपालिकेला लाभला नसेल!

कॉलऱ्यात हा हिशेब काही तासांत कोसळतो. आपल्याकडे त्याला पटकी म्हणत, आणि मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. जंतू आतड्यातच राहतो. माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. नुसते पाणी पाजून ही तूट भरत नाही. आतड्यातून रक्तात जाताना पाणी मिठाच्या मागोमाग जाते, आणि मीठ आत घेणारी एक वाट साखरेसोबतच उघडते. खाल्ल्या मिठाला जागणे म्हणतात ते हेच असावे. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी दाखवून दिली. नवल असे, की कॉलऱ्याच्या विषाने आतडे गळू लागले तरी ही वाट शाबूत राहते.

तिचा खरा कस लागला १९७१ मध्ये, बंगालच्या सीमेवर बनगावला. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते, छावणीत कॉलरा पसरला होता आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण पिंपांत भरून ठेवले. पाजायला नातेवाईकच होते. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. ही कृती बांगलादेशच्या गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितली गेली. आपल्या माध्यमाचे एवढे मोल क्वचितच झाले असेल. डॉक्टरांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ मध्ये, मरणोत्तर.

‘पाणी दिले तर जुलाब वाढतील’ म्हणून लेकराचे पाणी तोडणारी घरे आजही आहेत. तसे करू नका. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तम. तिच्यात पोटॅशियमही असते. मात्र पुडीवरचा मजकूर वाचा. ओआरएस नावाने गोड पेये विकली जात होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, शीग न भरलेला. पाजण्याआधी स्वतः चव घ्या. आसवांहून खारट लागले तर ओतून द्या आणि नवे करा. जास्त मीठ मेंदूतलेच पाणी ओढून घेते. अंगावरचे दूध चालू ठेवा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करा. मूल मलूल होऊन पिईनासे झाले, तर मात्र थेट दवाखाना गाठा.