सीट धरून ठेवणारे बोल्ट

रॅलीत किंवा ट्रॅकवर गाडी पळवणारी मंडळी रेसिंग सीट आणि हेल्मेट पारखून घेतात. सीट बसवताना मात्र गॅरेजच्या डब्यात हाताला लागतील ते बोल्ट वापरले जातात. हा जिवाशी खेळ आहे. चालक आणि सीट मिळून 85 किलो धरा. धडकेत वजनाच्या वीसपट जोर आला, तर तो 1700 किलोंच्या भाराएवढा होतो, आणि त्यातला सीटवर येणारा वाटा त्या बोल्टांनाच पेलावा लागतो.

बोल्टचं डोकं उजेडात धरून बघा. 8.8 किंवा 10.9 असा आकडा उमटवलेला दिसेल. 8.8 म्हणजे तुटेपर्यंत दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण सोसणारं पोलाद. आकडाच नसेल, तर तो बोल्ट दुकानदाराला परत द्या. स्टेनलेसच्या चकाकीलाही भुलू नका. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ताकदीत 8.8 पेक्षा कमी भरतो.

बोल्ट टिकला तरी गाडीच्या तळाचा पत्रा फाटू शकतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. म्हणूनच मोटरस्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या एफआयएच्या नियमांत किमान चार जागी 8 मिलिमीटरचे बोल्ट आणि पत्र्यामागे आधारपट्टी सांगितली आहे: दर जागी 40 चौरस सेंटिमीटरची, पोलादी असेल तर किमान 3 मिलिमीटर जाड. नुसत्या वॉशरने हे काम होत नाही.

नायलॉन बसवलेला नट एकदा काढला की नवाच घाला. आवळणी टॉर्क रेंचनेच करा आणि प्रत्येक शर्यतीआधी ती पुन्हा तपासा.