हातात मावणारा खेळ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही म्हणालो, 'हातात धरून खेळायच्या नव्या यंत्रासाठी खेळ कसे निवडावेत.' चिटणीस क्षणभर गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'काल ज्ञानेश्वरी झाली, उद्या पाणीप्रश्न आहे. मध्ये एक दिवस हेही चालेल.' 'चालेल' हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, तो सूर आमच्या परिचयाचा आहे. शाळेत तीस वर्षे गणित शिकवताना मुलांच्या दप्तरांतून असली यंत्रे काढून घेऊन आम्ही कपाटात ठेवीत होतो, तेव्हा आमचाही सूर तोच होता. तेव्हा प्रथमच कबूल करून टाकतो की, या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आम्हांला वळावे लागले.

आमची थोरली बहीण, जिला सारे घर अक्का म्हणते, हिचे मूत्रपिंड दोन वर्षांपूर्वी निकामी झाले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस तिला डायलिसिसला न्यावे लागते. एका खेपेस चार तास. डाव्या हातात सुया, तो हात हलवायचा नाही. उरला उजवा. पहिले काही महिने तिने पोथी वाचली, मग रेडिओ ऐकला, मग दोन्ही सोडले आणि छताकडे पाहत पडून राहू लागली. एका मंगळवारी सकाळी म्हणाली, 'आज राहू दे रे. एक खेप चुकली म्हणून काय होते?' काय होते ते डॉक्टरांनी आम्हांला सांगून ठेवले होते. त्या दिवशी तिला कसेबसे नेले. पण पुढच्या खेपेलाही तेच, आणि त्याच्या पुढच्याही.

अशा वेळी आमचा भाचा परदेशातून आला आणि आईसाठी एक खेळयंत्र घेऊन आला. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे 'स्विच २' हे यंत्र ५ जून २०२५ रोजी बाजारात आले. पाटीएवढे आहे, मध्ये काचेचा पडदा, दोन्ही बाजूंना सुटणाऱ्या मुठी आणि मागे उभे करण्यासाठी तिकाटण्यासारखा आधार. भाच्याने त्याबरोबर दोन खेळ आणले. एक 'मारिओ कार्ट वर्ल्ड', म्हणजे मोटारींची शर्यत. दुसरा एक प्रचंड साहसकथेचा खेळ. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष खेळाचा नव्हता. जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले होते, एवढे पुरे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. साहसाच्या खेळातली अक्षरे मुंग्यांएवढी. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या असल्याशिवाय नायक कड्यावर चढेना. अक्काजवळ एकच हात. मध्येच परिचारिका रक्तदाब पाहायला आली, तेवढ्यात नायक दरीत. शर्यतीत गाडी जागची हलेना. अक्काने यंत्र बाजूला ठेवले आणि म्हणाली, 'हे पोरांना द्या. मला कशाला?' तिच्या त्या 'मला कशाला'ने आम्हांला जे झोंबले, ते आजवर कुठल्या विद्यार्थ्याच्या उलट उत्तराने झोंबले नव्हते. आम्ही भाच्याला विचारले, 'हे खेळ तू कशावरून निवडलेस?' तो म्हणाला, 'मामा, सगळ्यांत चांगले आहेत म्हणून.'

श्रोतेहो, चूक इथेच आहे. आणि हीच चूक १९८९ साली खुद्द निन्टेन्डो कंपनी करता करता वाचली. ती हकिकत सांगितली पाहिजे.

ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात निघाली, ती पत्ते करण्यासाठी. फुलांची चित्रे असलेले ते जपानी पत्ते. त्यांना 'हानाफुदा' म्हणतात. पुढे ती खेळण्यांच्या धंद्यात पडली. तिच्याकडे गुनपेई योकोई नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी हिशेबाच्या छोट्या यंत्राच्या कळा उगाच दाबीत बसलेला त्यांनी पाहिला आणि त्यावरून त्यांना खिशात मावणारा खेळ सुचला, अशी हकिकत आहे. १९८० साली तो बाजारात आला. कंटाळलेला माणूस, मोकळा हात आणि फुटकळ वेळ, या तीन गोष्टींतून ही सारी जात जन्मली. योकोईंचे सूत्र होते की, अगदी नवे, महागडे तंत्र घेऊ नये. चांगले मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवा उपयोग शोधावा. लोणच्यासारखेच म्हणा ना!

१९८९ साली त्यांच्या हाताखाली 'गेम बॉय' तयार झाला. पडदा फिकट हिरवट, रंगांच्या नावाने चार छटा. पण चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. त्याच वर्षी अमेरिकेत 'अटारी' कंपनीने रंगीत, उजळ पडद्याचे यंत्र काढले. दिसायला ते कितीतरी देखणे. त्याला सेल सहा लागत आणि चार-पाच तासांत ते संपत. दुकानात दोन्ही शेजारी ठेवली तर कोणीही अटारीचेच उचलले असते. प्रवासात मात्र लोक गेम बॉय घेऊन गेले. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली.

आता खरा प्रश्न: यंत्राबरोबर कोणता खेळ द्यायचा? कंपनीजवळ मारिओ होता. मिशाळ नळकाम करणारा, उड्या मारणारा, मुलांचा लाडका. त्याचा नवा खेळ तयारच होता. त्या वेळी हेंक रॉजर्स नावाचे एक व्यापारी अमेरिकेतील शाखेचे प्रमुख मिनोरू अराकावा यांच्याकडे गेले. त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, यंत्र लहान मुलग्यांनी घ्यावे असे वाटत असेल तर मारिओ द्या; सर्वांनी घ्यावे असे वाटत असेल तर 'टेट्रिस' द्या.

हा टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजितनोव यांनी रचला. ज्या संगणकावर रचला, त्याला चित्र काढता येत नव्हते. कंसांच्या खुणांनी त्यांनी चौकोन दाखवले. चार चार चौकोनांचे सात आकार वरून खाली पडतात; ते फिरवून आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. संपले! गोष्ट नाही, नायक नाही, वाचायला अक्षर नाही. आम्ही गणिताचे मास्तर, म्हणून थोडे थांबून सांगतो: चार चौकोन कडेला कड लावून सपाट पाटावर जोडले, तर वळवून एकसारखे होणारे वगळता नेमके सातच आकार होतात, त्यात आठवा घालता येत नाही. खेळाचा पाया इतका पक्का असला म्हणजे वर रंगरंगोटी लागत नाही. (पाजितनोव यांना त्यांच्या या खेळाचे मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.)

कंपनीने अमेरिकेत यंत्राबरोबर टेट्रिस दिला. मुलांचे यंत्र मग आईने उचलले, कचेरीतल्या माणसाने उचलले. १९९३ साली अलेक्सांद्र सेरेब्रोव हे रशियन अंतराळवीर 'मीर' स्थानकावर गेले, तेही आपला गेम बॉय आणि टेट्रिस घेऊन. आमच्याकडे तो थोडा उशिरा आणि निराळ्या वेषात आला. नव्वदच्या दशकात जत्रेत आणि फुटपाथवर 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ' असे लिहिलेली विटांच्या खेळाची यंत्रे मिळत. आमच्या शाळेच्या कपाटात पडली होती ती हीच. त्यांतले खेळ खरे मोजले तर हाताच्या बोटांवर मावले असते. पण मुले त्या सर्वांतून टेट्रिसच खेळत, हे आम्ही वर्गाच्या खिडकीतून पाहिलेले आहे.

हे वाचल्यावर आमच्या ध्यानात आले की, 'सगळ्यांत चांगला खेळ कोणता' हा प्रश्नच आम्ही उलटा धरला होता. खेळणाऱ्याजवळ हात किती, डोळे कसे, वेळ किती सलग, शेजारी कोण, हे आधी पाहायचे. लग्नाला नेसायचा शालू कितीही भारी असला तरी तो नेसून कोणी नदीवर धुणे धुवायला जात नाही.

शेजारी कोण, या मुद्द्याबद्दल थोडे अधिक. १९९६ साली गेम बॉयवर 'पोकेमॉन' आला. कर्ते सातोशी ताजिरी. यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा छंद होता. त्यांनी दीडशेच्या वर प्राणी कल्पिले आणि खेळाच्या एकदम दोन प्रती काढल्या, लाल आणि हिरवी. काही प्राणी एकीत नाहीत, काही दुसरीत नाहीत. संग्रह पुरा करायचा तर दोन यंत्रे तारेने जोडून दुसऱ्या मुलाशी अदलाबदल करावी लागे. म्हणजे खेळायला मित्र हवाच! तेव्हा घरात दोन भावंडे असतील तर पालकांनी एकट्याचा खेळ घेऊन भांडण विकत आणू नये.

बाकी गोष्टी आम्ही भराभर सांगतो. पुष्कळ खेळांचा नमुना फुकट मिळतो. पैसे देण्याआधी तो त्याच माणसाच्या हातात देऊन पाहावा. हल्लीची यंत्रे कळ दाबताच झोपी जातात आणि डाव जिथल्या तिथे राहतो. पण दूरच्या माणसांशी जोडलेला खेळ थांबत नाही. ज्याला मध्येच उठावे लागते त्याला तो देऊ नये. नव्या यंत्राच्या काही खेळांच्या डबीत नुसती किल्ली असते. खेळ आंतरजालावरून उतरवून घ्यावा लागतो. डबीवर ते छापलेले असते, वाचून घ्यावे. युरोपातल्या डब्यांवर ३, ७, १२, १६, १८ असे आकडे असतात. तो आकडा मुलाला काय दाखवू नये ते सांगतो, खेळात गोडी आहे की नाही ते सांगत नाही. आमच्या एका स्नेह्यांनी त्याला गुण समजून अठराचा खेळ घेतला होता! आणि फुकटच्या खेळापासून सावध असा. त्यात पुढे बंद पेट्या विकतात, आत काय निघेल ते नशिबावर. २०१८ साली बेल्जियमने अशा पेट्या जुगारात धरल्या. आम्हांला तो निर्णय योग्य वाटतो.

आता अक्काकडे वळू. आम्ही आणि भाच्याने कागदावर लिहून काढले: एक हात, मोठी चित्रे, केव्हाही थांबता येईल असा, आणि अगदी अनोळखी नको. त्यात बसला तो एक साधा संग्रह. जुन्या स्विचसाठी २०२० साली निघालेला, जगातल्या एक्कावन्न बैठ्या खेळांचा. नव्या यंत्रावरही चालतो. पत्ता बोटाने सरकवायचा. त्यात आपल्या बदामसातचा भाऊबंद निघाला. अक्काने दोन डाव खेळून पहिली तक्रार केली. जपानी रीतीत चारही सत्त्या आधीच मांडून ठेवतात. ती म्हणाली, 'मग बदामाची सत्ती कोणाकडे आहे ते बघायची मजाच गेली की!' तिची ती तक्रार ऐकून आम्हांला किती बरे वाटले ते सांगता येत नाही. पुष्कळ दिवसांनी तिने दुखण्याखेरीज दुसऱ्या कशाबद्दल कुरकूर केली होती.

मग ती हानाफुदाकडे वळली. बारा महिन्यांचे प्रत्येकी चार, असे अठ्ठेचाळीस पत्ते. नियम आम्हांला अजून नीट उमगलेले नाहीत, तिला उमगले. आठव्या महिन्याच्या एका पत्त्यावर गवतामागे पूर्ण चंद्र आहे. त्याला तिने 'कोजागिरी' नाव ठेवले आहे.

आमचा एक निकाल आम्हांला परत घ्यावा लागला, तोही सांगितला पाहिजे. मोटारींचा खेळ आम्ही बाद केला होता. सुट्टीत अक्काची नात आली आणि तिने यंत्रातली कुठलीशी यादी उघडून दाखवले की, गाडी आपोआप पुढे जाईल आणि रस्त्याबाहेर पडणार नाही अशी सोय त्यात मुळातच आहे. 'आजी, तू नुसती वळव.' सुटी झालेली एक मूठ उजव्या हातात धरून अक्काने गाडी वळवली आणि चोवीस गाड्यांत सतरावी आली. खेळ नाकारण्याआधी त्यातल्या सोयींची यादी पाहावी, हे आम्हां शहाण्यांना बारा वर्षांच्या मुलीने शिकवले.

खेळामुळे अक्काचे दुखणे हटले, असे आम्ही म्हणणार नाही. ते आहे तिथे आहे. शनिवारी घरी आल्यावर ती थकून झोपते, तशीच झोपते. अजूनही एखाद्या सकाळी 'आज राहू दे' म्हणते. पण शेजारच्या खाटेवर एसटीतून निवृत्त झालेले एक चालक असतात. त्यांचा उजवा हात बांधलेला, डावा मोकळा. दोन खाटांमध्ये सरकते टेबल ठेवून, त्यावर यंत्र उभे करून दोघे ल्युडो खेळतात. हा ल्युडो म्हणजे आपल्या सोंगट्यांचाच, पचिसीचा, विलायतेत जाऊन आलेला अवतार. १८९६ साली इंग्लंडात त्याचे पेटंट निघाले. गेल्या खेपेस डाव अर्धा राहिला, तेव्हा अक्काच्या तीन सोंगट्या घरात होत्या आणि चालकांची एकच. 'मंगळवारी बघतो,' असे ते म्हणाल्याचे तिने आम्हांला रिक्षात दोनदा सांगितले.

उद्या मंगळवार आहे. सकाळी सात वाजता तिला न्यायचे असल्याने आम्ही आपली रजा घेतो.