आंत्रपुच्छाचा एक फसवा विकार
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



पोटात उजवीकडे खाली कळ आली की आपण 'अपेंडिक्स सुजले' असे म्हणतो. बहुधा ते खरेही असते. परंतु क्वचित त्याच वेदनेआड निराळा विकार दडलेला असतो. त्याला 'म्युकोसील' म्हणतात. व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल रोकिटान्स्की यांनी १८४२ साली त्याचे वर्णन केले. अपेंडिक्सच्या हजार शस्त्रक्रियांत तो दोन-तीन वेळाच आढळतो.

आंत्रपुच्छ म्हणजे एका टोकाला बंद असलेली बारीक नळी. तिचे अस्तर थोडा थोडा श्लेष्मा स्रवत असते. आतड्याकडील तोंड बुजले किंवा अस्तरातच गाठ वाढू लागली, की तो श्लेष्मा आत साचतो आणि नळी फुगते. सोनोग्राफीत १५ मिलिमीटर वा अधिक जाडी आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसले, तर शल्यचिकित्सकाने सावध व्हावे. कारण गाठीमुळे फुगलेली ही पिशवी फुटली, तर त्यातील पेशी पोटभर पसरतात आणि चिकट द्रव वर्षानुवर्षे साचत राहतो. म्हणून ती अखंड काढणे हेच खरे कौशल्य.

एका भगिनीला उपवासाच्या पारण्यानंतर पोटदुखी सुरू झाली. 'पित्त असेल' म्हणून चार दिवस घरातच गेले. आम्ही साधे अपेंडिक्स समजून शस्त्रक्रियेस घेतले; पाहतो तो अंगठ्याहून जाड, ताणलेली पिशवी! सुदैवाने ती न फुटता निघाली. चिरंजीवांनी विचारले, "काढून टाकले ना डॉक्टर, मग तपासणीचा खर्च कशाला?" मी आग्रह सोडला नाही. अहवालात गाठ निघाली. मात्र कापलेली कडा निर्दोष होती. पुढे मोठ्या आतड्याचीही दुर्बिणीने तपासणी केली, कारण तेथेही कधी कधी जोडीने गाठ सापडते. आज त्या नियमित तपासणीस येतात.

म्हणून दोनच विनंत्या. पोटदुखी उपवासाच्या माथी मारून अंगावर काढू नका. आणि काढलेले अपेंडिक्स सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीस पाठविल्याखेरीज राहू नका. अहवाल हाती घेऊन डॉक्टरांना दाखवा.

देह हे साधनेचे साधन आहे. त्याची हाक वेळेवर ऐकणे हाही विवेकच होय. जय जिनेंद्र.