नियंत्रणकक्षातील शांतता



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाशी आणि कारखान्याच्या फाटकाशी. त्यामुळे चालकांनी विषय विचारला आणि मी ‘स्टार ट्रेक’ असे उत्तर दिले, तेव्हा त्यांना ती थट्टा वाटली असल्यास नवल नाही. अंतराळयानांच्या मालिकेशी कामगार चळवळीचा संबंध काय?

तो संबंध माझ्या मुलीने जोडला. एके रात्री तिने मला १९९६ सालचा एक भाग दाखवला. क्वार्क नावाच्या मद्यगृहमालकाकडे नोकरांना आजारपणाची रजा नाही, वर पगार एक-तृतीयांशाने कापलेला. शेवटी मालकाचा सख्खा भाऊच युनियन काढतो आणि संप करतो! मालक अखेर सगळ्या मागण्या मान्य करतो, पण गुपचूप. आणि अट अशी की युनियन मोडली असे चारचौघांत जाहीर करायचे. मी पोट धरून हसलो. असला मालक मी आयुष्यात निदान तीनदा पाहिला आहे. ही भूमिका करणारा आर्मिन शिमरमन हा नट स्वतः अमेरिकेतील नटांच्या युनियनच्या कार्यकारी मंडळावर काम केलेला गृहस्थ आहे, हे मागाहून कळले. म्हणजे मालक कसा रंगवावा हे त्याला कुणी शिकवायला नको होते.

तेव्हापासून मी ही मालिका पाहू लागलो. जीन रॉडनबेरी यांनी ती १९६६ साली अमेरिकेत सुरू केली आणि पुढे तिच्या अनेक शाखा निघाल्या. भविष्यकाळातील माणसाने दारिद्र्य आणि वंशद्वेष मागे टाकला आहे, असा तिचा बाणा. अशा जगातली सज्जन माणसे जेव्हा वाईट वागतात, तेव्हा प्रेक्षकाला पळवाट राहत नाही. भूक नाही, धाक नाही, तरीही असे का झाले, हा प्रश्न उरतो.

२००२ सालच्या एका भागाबद्दल मात्र माझे भांडण आहे. एका ग्रहावरील लोक रोगाने नष्ट होत आहेत. ते मदत मागतात. यानावरील डॉक्टर फ्लॉक्स यांना औषध सापडते, परंतु ते द्यायचे नाही असे ठरते. कारण काय, तर त्याच ग्रहावर दबून राहिलेली दुसरी जमात आहे. तिचा उत्कर्ष व्हावा अशी उत्क्रांतीची इच्छा दिसते! उत्क्रांतीला इच्छा नसते, हे मी शाळेबाहेर वाचून शिकलो. ती काही रेल्वेचे वेळापत्रक नव्हे, की अमुक गाडीला अमुक वाजता जागा करून द्यावी. दबलेल्यांचा कैवार मला कुणी शिकवू नये. परंतु एकाला मरू देऊन दुसऱ्याचा उद्धार होतो, हे गणित मी मानणार नाही. लेखकाने आपल्या पात्राची चूक चूक म्हणून दाखवली असती तर गोष्ट वेगळी.

१९९८ सालचा भाग याहून फार वरचा. युद्ध चालू आहे, दर शुक्रवारी मृतांची यादी लागते. कॅप्टन सिस्को तटस्थ रोम्युलन लोकांना युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करवतो. गॅराक हा त्याचा साथीदार, वरवर शिंपी, पूर्वीचा हेर. पुरावा खोटा असल्याचे रोम्युलन सिनेटर ओळखतो. तेव्हा गॅराक त्याचे यानच उडवून देतो. आळ शत्रूवर जातो, रोम्युलन युद्धात उतरतात आणि लढाईचे पारडे फिरते. सिस्को ही सारी हकीकत आपल्या दैनंदिनीत सांगतो, आपण हे सोसू शकू असे स्वतःला बजावतो, आणि मग नोंद पुसून टाकतो. ती पुसलेली नोंद मला रात्रभर छळत राहिली. का, ते सांगतो.

पण त्याआधी ‘टूविक्स’ नावाचा १९९६ सालचा भाग. व्हॉयेजर यानावर एका अपघातात सुरक्षा अधिकारी टूव्हॉक आणि स्वयंपाकी नीलिक्स या दोघांचा मिळून एकच नवा जीव तयार होतो. तो सालस आहे, कामसू आहे. सर्वांना आवडू लागतो. काही दिवसांनी दोघांना पुन्हा वेगळे करण्याचा उपाय सापडतो. तसे केले तर टूविक्स संपणार. तो म्हणतो, मला जगायचे आहे. कॅप्टन जेनवे म्हणते, जे दोघे बोलू शकत नाहीत त्यांच्या वतीने मला बोललेच पाहिजे. मला तिची बाजूही कळते. नियंत्रणकक्षात तो एकेका सोबत्याकडे वळून याचना करतो. एकही तोंड उघडत नाही. यानाचा डॉक्टर मात्र हे काम करायला नकार देतो. म्हणून जेनवे ते स्वतःच्या हाताने करते.

मुलीने विचारले, “बाबा, तुम्ही तिथे असता तर बोलला असता?”

मी उत्तर दिले नाही. २००४ साली एका कारखान्यात मी युनियनचा चिटणीस होतो. कारखाना बंद करण्याची धमकी होती. पहाटे अडीच वाजता करार झाला: पर्मनंट कामगारांच्या नोकऱ्या राहतील, १८ टेंपररी जातील. त्या १८ जणांनी आमच्या संपात आमच्याच बरोबरीने दिवस काढले होते. सकाळच्या गेट मीटिंगमध्ये त्यांतला एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, आमचं काय?” तीनशे माणसे होती. सगळी जमिनीकडे पाहत होती, मीसुद्धा. करार केला नसता तर सर्वांच्याच चुली विझल्या असत्या, हे मी आजही म्हणेन. पण जेनवेने काम स्वतः केले. मी यादी बोर्डावर लावायला कचेरीतल्या पोऱ्याला पाठवले होते. आणि इतिवृत्तात माझ्या हस्ताक्षरात ओळ आहे: ‘चर्चेअंती एकमताने संमत.’ सिस्कोने नोंद पुसली. मी ती लिहितानाच पुसली.

ते इतिवृत्ताचे पुस्तक माझ्याकडे आहे. मुलीचा प्रश्न ऐकल्यावर गेल्या महिन्यात मी ते काढले आणि त्या पानाच्या समासात १८ जणांची नावे लिहायला बसलो. ११ आठवली. जुन्या सोबत्यांना विचारून आणखी ४ मिळाली. ३ अजून राहिली आहेत. त्या काळचे कामगार या सभेत कुणी असतील तर त्यांनी व्याख्यानानंतर मला जरूर भेटावे.