दुर्धर व्याधीतील बालके आणि आपण
(मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणावरून)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, वधूवरांची सूची प्रसिद्ध होते आणि दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली वाहिली जाते. या तिन्ही प्रसंगी ज्यांचे नाव सहसा निघत नाही, अशा बालकांविषयी बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी ऋणी आहे. ज्यांची व्याधी समूळ बरी करणे वैद्यकशास्त्रास साधत नाही, ती ही बालके होत.

त्यांच्या शुश्रूषेत असणाऱ्यांना एक प्रश्न हटकून विचारला जातो: "बाई, रोज हे दुःख पाहून तुम्हांला जगवते तरी कसे?" या प्रश्नामागे अशी समजूत असते की, रुग्णाईत मुलाच्या खोलीत दुःखाखेरीज दुसरे काही नसते. ही समजूत अपुरी आहे. प्रौढ माणूस उद्याच्या भयाने आजचा दिवस हरवून बसतो. मुलाचे तसे नसते. वेदना शमली की ते सापशिडीचा पट मागते, सोंगटी सरकविताना हळूच लबाडी करते, आणि लबाडी उघडकीस आली की खळखळून हसते. ते हसू हेच आमचे खरे वेतन होय.

परंतु हा आनंद आपोआप उपजत नाही. त्याआधी वेदना शमवावी लागते, आणि ते शास्त्राचे काम आहे. तीव्र वेदनेवर तोंडाने देण्याचे मॉर्फिन योग्य मात्रेत, ठरल्या वेळी आणि वैद्याच्या देखरेखीखाली दिले, तर मुलास व्यसन लागेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे हे औषध मिळणे दुरापास्त झाले होते; 2014 च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली आहे.

या शुश्रूषेस आता अर्धशतकाहून अधिक परंपरा आहे. सिसिली सॉण्डर्स या प्रथम परिचारिका व पुढे डॉक्टर झालेल्या विदुषीने 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स ही संस्था उघडली. खास मुलांसाठी असे पहिले घर 1982 साली ऑक्सफर्ड येथे निघाले. आपल्या देशात वांद्र्याचे शांती अवेदना सदन 1986 साली सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मुलांची ही शुश्रूषा रोगनिदानापासूनच, इतर उपचारांच्या जोडीने सुरू व्हावयास हवी. मरणाची वाट पाहत बसणे हा तिचा अर्थ नव्हेच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. येथून कर्करोगग्रस्त मूल घेऊन आईबाप मुंबईस टाटा रुग्णालयात जातात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येकांचा आधार होते. उपचारांचा उपयोग होईनासा झाला की ते गावी परततात, आणि खरी कसोटी तेथून लागते. काय बोलावे हे न सुचून शेजारी येईनासे होतात. जे येतात, ते मुलाच्या देखत कर्मभोगाच्या गोष्टी काढतात. आईला सलग दोन तास झोप मिळत नाही. धाकटे भावंड मुकाट्याने कोपऱ्यात बसते, कारण आपल्यामुळेच हे घडले की काय, ही शंका त्यास कोणापाशी बोलता येत नाही.

सिकलसेलचेही असेच आहे. नागपूरच्या वैद्यांनी 1958 साली या व्याधीविषयी लिहिले, तेव्हापासून विदर्भाला ती ज्ञात आहे. योग्य उपचारांनी यातील पुष्कळ मुले मोठी होतात. पण हाडे पिळवटून काढणारी कळ उठली असता मूल ढोंग करते असे म्हणणारे आजही भेटतात.

मंडळाने यासाठी इमारत बांधावी, असे माझे मागणे नाही. प्रत्येक गावातील दोघा-तिघांनी आठवड्यातून दोन तास अशा घरी जाऊन बसावे आणि आईस विश्रांती द्यावी. शाळेच्या हजेरीपटावरून मुलाचे नाव घाईने काढू देऊ नये. संक्रांतीच्या तिळगुळाला, वाढदिवसाला त्याला वगळू नये. त्याने आजाराविषयी विचारले तर खोटे बोलू नये. त्याला पेलेल तेवढे सत्य प्रेमाने सांगावे. मुलांना बहुधा आधीच उमगलेले असते. आपल्या मौनाने ती एकटी मात्र पडतात.

या कामात अश्रू येत नाहीत, असे मी म्हणणार नाही. ते येतात, आणि यावेत. परंतु ज्याची वेदना आपण शमविली, ज्याच्या खेळात आपण हरलो, त्या मुलाचे जगणे अल्प असले तरी ते अपुरे होते, असे मला कधी वाटले नाही.

शेवटी एकच विनंती. पुढील वर्षीच्या श्रद्धांजलीच्या यादीत, आईबापांची संमती असेल तर, सहा वर्षांच्या बालकाचेही नाव वाचले जावे. त्या आईस तेवढे पुष्कळ होईल.