रुग्णसेवा : दयेबरोबर व्यवस्था



रुग्णसेवा म्हणजे केवळ दयाबुद्धी, हा समज अपुरा आहे. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह तुर्कस्थानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे जखमांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक दगावत. बाईंनी आहार, धुलाई व स्वच्छतेची घडी बसविली. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य-आयोगाने गटारे साफ करविली, आणि मृत्युसंख्या झपाट्याने उतरली. पुढे बाईंनी हे आकड्यांनी व आकृतींनी सरकारपुढे मांडले. १८६० मध्ये त्यांच्या नावच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिका-विद्यालय निघाले.

तीच शिस्त आज अनेक रुग्णालयांत पाळी बदलताना दिसते. जाणारी परिचारिका येणारीला रुग्णाच्या खाटेपाशीच ताप, औषधे, सलाईन यांचा हिशेब देते. रुग्णही ऐकतो, राहिलेली चूक तेथेच उघडी पडते.

असे हे शास्त्र शिकलेल्या मुलीचे स्थळ सांगून आले, की रात्रपाळीचे निमित्त करून आपली घरे नाक मुरडतात. आपल्या आजारपणात उशाशी रात्रभर कोण जागते, याचा विसर पडतो. मंडळाने शिष्यवृत्ती देताना या कन्यांना डॉक्टर-इंजिनियरांच्या पंक्तीस बसवावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.